पेठेकाकांचं उतरतं छप्पर

लखनौला बदली होऊन आलो त्याच आठवड्यात मी एक वीट चोरली. चोरली हा मेधाचा, म्हणजे माझ्या बायकोचा शब्द. माझ्या मते मी ती फक्त उचलली होती. जुलै महिना होता. आलमबागच्या मागच्या अंगाला, मानक नगरच्या रेल्वे क्वार्टर्सच्या अलीकडे एका वसाहतीत आम्ही भाड्याने घर घेतलं होतं. अंगणात स्कूटर लावली की स्टँड चिखलात रुतायचा आणि स्कूटर दारुड्यासारखी कलायची. शेजारच्या घराच्या कडेला, एका पाइपाच्या तोंडाशी, एक वीट तिरकी पडलेली दिसली. बिचारी बेवारस वाटली. मी ती आणून स्टँडखाली ठेवली आणि स्वतःवर खूश होऊन ऑफिसला बसने गेलो. त्या दिवशी शनिवार होता. दुपारी घरी येऊन जेवायला बसतो तोच पाऊस आला, आणि थोड्याच वेळात कुणीतरी फाटक बडवायला लागलं.

दारात एक म्हातारे गृहस्थ. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डोक्यावर पंचा, हातात छत्री, आणि तीही मिटलेली.

"भाईसाहब, हमारी ईंट आपके यहाँ आई है क्या?"

"कौनसी ईंट?" मी विचारलं. माझ्या मागे स्कूटर त्या विटेवर दिमाखात उभी होती.

तेवढ्यात आतून मेधाचा आवाज आला, "अरे, कुणाची वीट उचलून आणलीस तू? नाशकात असताना नव्हती हं ही सवय!"

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. "अरेच्चा! म्हणजे चोर आपल्यातलाच निघाला!" असं म्हणत ते आत आले, त्यांनी वीट ओढून काढली, स्कूटर आडवी झाली. तिच्याकडे न बघता ते फाटकातून ओरडले, "संध्याकाळी चहाला या दोघं. आत्ता या विटेपायी आमच्या स्वयंपाकघरात पाणी आहे!"

ते पेठेकाका. रेल्वेत इंजिनियर म्हणून सारी हयात मानक नगरात काढलेले, मूळचे राजापूरकडचे. संध्याकाळी आम्ही चहाला गेलो तेव्हा ते वाडग्याने पाणी उपसत होते. चहा राहिला बाजूला, आम्हीही वाडगी घेतली. ओळख व्हायला इतकी चांगली रीत मी दुसरी पाहिली नाही. ओणवा झालेला माणूस खोटं बोलू शकत नाही.

पेठेकाकांचं घर साऱ्या वसाहतीत उठून दिसायचं, कारण त्याला उतरतं छप्पर होतं. लखनौत सगळ्यांची छतं सपाट. वर पाण्याची टाकी, पतंगांचे अडकलेले मांजे, हिवाळ्यात उन्हाला टाकलेल्या रजया. आणि या सगळ्यांमध्ये पेठेकाकांचं लाल मंगलोरी कौलांचं, दोन पाखांचं घर. टोपी घालून लग्नाला आलेल्या एकुलत्या एका पाहुण्यासारखं. कौलं त्यांनी थेट कोकणातून ट्रकने आणवली होती. निम्मी वाटेत फुटली. फुटली त्यांच्या जागी पुन्हा आणवली.

हे छप्पर त्यांनी काकूंसाठी घातलं होतं. शालिनीकाकू लग्न होऊन लखनौला आल्या त्या पहिल्या पावसाळ्यात म्हणाल्या होत्या, "इथल्या पावसाला आवाजच नाही हो." रेल्वेच्या क्वार्टरला स्लॅब. काकांनी ते लक्षात ठेवलं. निवृत्तीनंतर घर बांधलं तेव्हा गवंड्याला म्हणाले, छप्पर उतरतं. गवंडी म्हणाला, "बाबूजी, यहाँ कौन बनवाता है?" काका म्हणाले, "हम."

आता चूक काय झाली तेही सांगतो, कारण ती चूक कोकणातलाच माणूस करू शकतो. कोकणात छपरावरून पाणी खाली पडलं की त्याचं पुढचं त्याला कळतं. जमीन उताराची, जांभ्याची. पाणी पडतं आणि जातं. पाणी जाणार हे काकांनी इतकं गृहीत धरलं होतं की ते कुठे जाणार हा प्रश्नच त्यांच्या डोक्यात आला नाही. हा माणूस आयुष्यभर रेल्वेचे डबे वळणावर किती झुकतील याची गणितं करत होता! पण लखनौची जमीन ताटासारखी सपाट, खाली नदीची मऊ गाळाची माती. पत्र्याची पन्हळ लावून दोन्ही पाखांचं पाणी त्यांनी मागच्या कोपऱ्यात आणून सोडलं, आणि पाणी तिथेच बसलं. ते खाली मुरलं, पाया मऊ झाला, आणि घराचा तो कोपरा दर पावसाळ्यात थोडा थोडा बसू लागला.

त्या कोपऱ्यातच काकूंची खोली होती.

छपरावरच्या पाण्याला काका "गृहस्थ" म्हणत. ढग भरून आले की अंगणात उभे राहून म्हणत, "निघाले गृहस्थ घरून." पाऊस सुरू झाला की, "आले गृहस्थ. आता यांना बाहेरचा रस्ता दाखवायचा." पण बाहेरचा रस्ताच नव्हता. पुढची सडक महापालिकेने दर निवडणुकीच्या आधी नवी करायची, म्हणजे जुनीवरच नवी घालायची. त्यामुळे सडक वर आणि घर खाली. मागे दुसऱ्याची भिंत. एका बाजूला आम्ही, आमचं अंगण आधीच डबकं. उरली चौथी बाजू, सक्सेनाजींची. त्यांच्या घराच्या कडेने एक अरुंद गल्ली होती, आणि त्या गल्लीच्या टोकाला नाला. पाण्याला जायला जगात तेवढी एकच वाट होती आणि ती सक्सेनाजींच्या मालकीची होती.

तोवर काकांनी सगळे उपाय करून पाहिले होते. शोषखड्डा खणला, तो पहिल्याच पावसात भरून विहिरीसारखा दिसायला लागला. पिंपं ठेवली, त्यांत डास झाले. पंप बसवला, तर पाऊस आला की वीज जायची. पन्हळ मजबूत केली, तर माकडं तिच्यावर झोके घ्यायला लागली. एकदा एक जाडजूड वानर पन्हळीसकट खाली आलं आणि काकांकडे असं रागाने बघायला लागलं, जणू त्याच्या पडण्याला त्यांचं काम जबाबदार होतं. काका त्याला मराठीत म्हणाले, "तुझंही बरोबर आहे रे बाबा. क्लॅम्प कमी पडले."

काकूंच्या खोलीच्या भिंतीवर एक भेग होती. तिच्यावर काकांनी काचेची एक पातळ पट्टी आडवी, दोन्ही टोकांना सिमेंट लावून चिकटवली होती. भिंत हलली की काच तडकते, म्हणजे हलली हे कळतं. पट्टी तडकली की काका नवी लावत, भेग वाढली तशी खाली अजून एक. तो बारीकसा 'टच्' आवाज आला की काकू आतून म्हणत, "कुणाची तरी बांगडी वाढवली वाटतं." काका म्हणत, "हो, शेजारची असेल." आणि नवी काच आणायला आलमबागच्या बाजारात जात.

त्या खोलीचं दारही दरवर्षी अडकायचं, कारण चौकट कलत होती. मग काका रंधा घेऊन दाराची एक कड तासत. काही वर्षांनी ते दार असं तिरपं झालं की चौकटीतून काढून ठेवलं असतं तर जगातल्या दुसऱ्या कुठल्याही घराला बसलं नसतं.

मी माझ्या संस्थेत वनस्पतींवरच्या बुरशीचा अभ्यास करतो. त्यामुळे काकांनी एकदा मला मोठ्या आशेने त्या खोलीतली ओल दाखवायला नेलं. भिंतीवर हिरवे-काळे ढग. मी चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिलं आणि त्या बुरशीचं शास्त्रीय नाव सांगितलं. वर तिची दुसरी जात कशी ओळखायची तेही समजावलं. काका ऐकत राहिले, "वा, वा" म्हणाले. घरी येऊन मी हे सांगितल्यावर मेधा म्हणाली, "त्यांना तिचं बारसं करायचं नव्हतं रे. ती घालवायची होती."

घर विका, असं त्यांचा मुलगा आशुतोष सांगून थकला होता. तो गुडगावला असतो. एकदा त्याने दोघांना तिकडे नेलंही. काकूंना तोवर विसरायला व्हायला लागलं होतं. त्या मुलाच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून पिशवी घेऊन दाराशी उभ्या राहत. "चला, घरी जाऊ. उशीर होतोय." बसायला सांगितलं की बसत, परत उठत. जेवत नसत. शेवटी काका त्यांना परत घेऊन आले. मी स्टेशनवर गेलो होतो. फाटकातून आत शिरल्याबरोबर काकूंनी चपला काढून नेमक्या त्यांच्या जागी ठेवल्या, खोलीत जाऊन पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "भूक लागली."

काका ओट्याशी पोळीचा डबा उघडत होते. माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "तिला मी रोज कळतोच असं नाही. परवा मला 'मास्तर' म्हणाली. घर मात्र कळतं. या घराबाहेर तिला कुठेच काही कळत नाही. आता सांगा, मी हे घर पडू कसं देऊ?"

मी पडलो बुरशीवाला.

म्हणून मग सक्सेनाजी. ते इंटर कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, लखनौच्या जुन्या चौक बाजारातून शिवून घेतलेले पांढरे चिकनचे कुर्ते घालणारे, आवाज कधीही न चढवणारे गृहस्थ. काका त्यांच्याकडे गल्लीतून पाइप नेण्याचं विचारायला जात आणि दर वेळी उत्तम चहा पिऊन परत येत. विषय निघाला की सक्सेनाजी म्हणत, "अरे पेठे साहब, पहले यह नमकीन तो लीजिए." एकदा मीही बरोबर होतो. काकांनी त्या दिवशी नमकीनला हात लावला नाही. ताडकन म्हणाले, "सक्सेनाजी, मेरी मिसेस उस कमरे में सोती हैं. दीवार बैठ रही है. मुझे आपकी गली से एक पाइप चाहिए. बस."

सक्सेनाजींनी कप खाली ठेवला. काकांचा हात हातात घेतला. "पेठे साहब, आप भी कैसी बात करते हैं! आपका ही घर है. जो चाहे कीजिए."

आम्ही बाहेर आलो. काका जवळजवळ पळत होते. "ऐकलंत ना? जो चाहे कीजिए! तुम्ही साक्षीदार आहात." दुसऱ्या दिवशी सकाळी पाइप आले, मजूर आले, आणि सक्सेनाजी दात घासत बाहेर येतात तो त्यांच्या गल्लीतल्या दोन फरश्या उखडलेल्या!

सक्सेनाजींना रागवायचीही सवय नव्हती. ब्रश हातात धरून ते उखडलेल्या फरश्यांशी आले. "पेठे साहब, यह क्या? आपने तो... अरे, वह तो कहने की बात होती है! मेरी नींव भी तो इसी मिट्टी पर है. आपका पानी मेरे घर के बगल से जाएगा, कल पाइप फटेगा, तो मैं किसके पास जाऊँगा?"

त्यांचं चूक नव्हतं. हेच तर वाईट होतं, त्यात चूक कुणाचीच नव्हती. काकांनी मजुरांना फरश्या परत बसवायला सांगितल्या. स्वतः खाली बसून सिमेंटने सांधे भरले, ओल्या फडक्याने पुसले. सक्सेनाजी बघत होते. दोघांनी एकमेकांची माफी मागितली, आणि मग बोलणं बंद झालं. रागाने भांडले असते तर आठवड्यात गोड झाले असते. हे दोघं लाजेने तुटले.

संध्याकाळी मी काकांना म्हटलं, "काका, तुम्ही एवढी वर्षं इथे काढलीत. असं 'आपका ही घर है' इथे सगळेच म्हणतात, हे मला तुमच्या मानाने नव्याला नाही कळलं, पण तुम्हाला..."

"मला कळत होतं हो," काका म्हणाले. "शब्द तोंडातून बाहेर पडत होते तेव्हाच कळत होतं. पण म्हटलं, आज आपण नाही कळलं असं करू. एकदा पाइप पडला जमिनीत की मग कोण उपटतंय." मग स्वतःच म्हणाले, "लबाडीच केली मी. आयुष्यात पहिल्यांदा केली आणि तीही जमली नाही."

त्या वर्षी पाऊस जाता जाता, सप्टेंबरात, पडला. दोन दिवस थांबलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या मुलीने सांगितलं, "पापा, पेठे दादाजी बुला रहे हैं, जल्दी." (ही आमची कन्या, लखनौच्या शाळेत जाणारी. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीतच येतं.) मी तसाच धावलो. काकूंच्या खोलीचं दार गच्च बसलं होतं. काकू आत. खिडकीला गज. काका दाराला खांदा लावून ढकलत होते आणि त्याच वेळी अगदी हलक्या, रोजच्या आवाजात बोलत होते, "शालू, काही नाही, दार जरा रुसलंय. तू पलंगावर बस. भिंतीकडे नको, इकडच्या बाजूला बस."

आतून काकू म्हणाल्या, "बांगडी वाढवली कुणाची तरी." मग पुन्हा, "आणि ही दुसरी."

मीही ढकलायला लागलो. दार हलेना. चौकट वरून दाबली गेली होती. काकांनी रंधा आणला, आणि मग हातातल्या त्या रंध्याकडे नुसते बघत राहिले. तासायला दार उघडं हवं ना! तो चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही, पाहायची इच्छाही नाही. तोंडाने मात्र चालूच होतं, "आलोच हं, शालू. आलोच."

इतक्यात मागून आवाज आला, "हटिए हुज़ूर." सक्सेनाजी. पांढरा कुर्ता भिजून अंगाला चिकटलेला, हातात लोखंडी सब्बल, म्हणजे आपली पहार. जन्मात त्यांनी ती कधी धरली नसेल. पण त्यांनी पहिला घाव घातला तो असा की दाराची वरची फळीच फुटली. मग मी, मग पुन्हा ते. काका फटीतून आत शिरले आणि काकूंना हाताला धरून घेऊन आले. काकूंनी फुटलेल्या दाराकडे पाहिलं, सक्सेनाजींकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाल्या, "बसा ना. चहा टाकते."

ओसरीवर सगळे बसलो. सक्सेनाजींच्या तळहाताला फोड आले होते. ते खाली बघत म्हणाले, "पेठे साहब, पाइप डाल लीजिए. आज ही डाल लीजिए. इस बार कहने की बात नहीं है."

काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अब पानी कहीं भी जाए, सक्सेनाजी," ते म्हणाले. "घर तो गया."

रात्र दोघांनी पुढच्या खोलीत काढली; आशुतोष दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. पाऊस होताच. सडक वर असल्याने गाडी फाटकाशी येईना; काकूंना खुर्चीत बसवून वर न्यायचं ठरलं. आशुतोष आणि मी खुर्ची धरायला आत गेलो, मेधा काकूंच्या केसांवर रुमाल बांधत होती. काका कुठे दिसेनात. "बाबा? बाबा!" आशुतोष हाका मारायला लागला.

मी मागच्या कोपऱ्यात जाऊन पाहिलं. पन्हळ मध्येच तुटून खाली लोंबत होती. काका शिडीवर उभे होते आणि तुटलेलं टोक दोन्ही हातांनी वर धरून पाणी भिंतीपासून लांब, अंगणात सोडत होते. सगळं पाणी त्यांच्या बाह्यांतून आत शिरून लेंग्यातून बाहेर पडत होतं.

"काका, आता कशाला? चला."

"ती बाहेर पडली का?"

"खुर्चीत बसवतायत."

"मग पडू दे आधी," ते म्हणाले. "तोवर धरतो."

आम्ही काकूंना बाहेर नेलं, गाडीत बसवलं. मी परत जाऊन "बसल्या" म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी हात सोडले. पाणी धप्पकन कोपऱ्यावर पडलं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. शिडी मात्र नीट भिंतीशी आडवी ठेवली.

गाडीत काकू काचेला नाक लावून बसल्या होत्या. घराबाहेर त्या कित्येक दिवसांत पडल्या नव्हत्या. त्यांनी ते लाल छप्पर पाहिलं, पागोळ्या पाहिल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "किती छान घर आहे. कुणाचं?"

काका ओलेकच्च त्यांच्या शेजारी बसत होते. एक पाय अजून बाहेर होता. मग पाय आत घेतला, दार ओढून घेतलं.

"असेल कुणाचं तरी," ते म्हणाले. आणि मुलाला, "चल."

मी घरी आलो. मेधा आधीच आली होती, ओली साडी बदलून भुईमुगाच्या शेंगा सोलायला बसली होती. मी टॉवेलने डोकं पुसत बोलतच सुटलो. म्हटलं, बघ ना, एवढी वर्षं हा माणूस शिडीवर चढला, खड्डे खणले, दारं तासली, लोकांच्या पाया पडला, सगळं तिला घर कळावं म्हणून. आणि शेवटी तिला ते कळलंच नाही. सगळं फुकट गेलं गं.

बऱ्याच शेंगा सोलून झाल्या. मग मेधा म्हणाली, "दर पावसात ते बाहेर होते आणि त्या आत एकट्या होत्या. मी विसरायला लागले ना, तर घर पडलं तरी चालेल. तू आत येऊन बस."